लस, शंका आणि सक्ती : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच घरातल्या दोघांच्या वादातून लिहिलेली दिसतात. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या दीड महिन्याच्या बाळाला एकाच दिवशी तीन टोचण्या आणि दोन तोंडी डोस सांगितले आहेत. नवऱ्याचं म्हणणं, यादी आहे तशी पूर्ण करू. मला वाटतं, दर पंधरा दिवसांनी एकेक लस द्यावी. एवढं सगळं इवल्याशा अंगाला पेलतं का?

उत्तर : पेलते. किती सुया टोचल्या हे प्रतिकारशक्तीला कळत नाही. तिला कळतात ते प्रतिजन, म्हणजे जंतूचे ओळख पटवणारे तुकडे. पूर्वीच्या देवीच्या एकट्या लशीत सुमारे २०० प्रथिने होती. आजच्या कावीळ-बच्या लशीत एकच असते. डांग्या खोकल्याच्या जुन्या, पूर्ण पेशींच्या लशीत सुमारे ३,००० प्रतिजन असतात, तर नव्या पेशीविरहित लशीत ते दोन ते पाचच असतात. जुन्या लशीने ताप आणि सूज मात्र जास्त येते.

एकेक लस देण्यात तोटा असा, की मधल्या काळात बाळ उघडे पडते. डांग्या खोकला सर्वांत घातक ठरतो तो पहिल्या तीन महिन्यांत, आणि यादी लांबवली की नेमके तेच महिने लशीविना जातात. शिवाय रोटाव्हायरसच्या (बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूच्या) लशीच्या पहिल्या डोसला वयाची मर्यादा आहे. अनेक देशांत १५ आठवड्यांनंतर तो सुरूच करत नाहीत, कारण आतड्यात आतडे अडकण्याचा मूळ धोका त्या वयानंतर वाढतो.

तरीही तुमची शंका अगदीच बिनबुडाची नाही. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या अशी चौघांची एकत्रित लस पहिल्या डोसला दिली, तर तापातले झटके वेगवेगळ्या दोन सुयांच्या मानाने जवळपास दुप्पट दिसतात. दर २,३०० मुलांमागे एक जास्तीचा झटका, असे ते प्रमाण आहे. म्हणून पहिल्या डोसला त्याच दिवशी, पण दोन सुया वेगवेगळ्या मागून घ्याव्यात. डॉक्टरांशी घासाघीस करायचीच असेल, तर ती इथे करा.

प्रश्न : लशीत पारा आणि ॲल्युमिनिअम असतं म्हणे. आणि गोवराच्या लशीने स्वमग्नता येते, हे खोटं ठरलं की दडपलं गेलं?

उत्तर : पारा म्हणजे थायोमर्सल. ते अनेक डोसांच्या कुपीत जंतू वाढू नयेत म्हणून घालतात. त्यातला इथिल पारा लहान बाळाच्या रक्तातून साधारण आठवड्याभरात निम्मा होतो, तर माशांतून येणाऱ्या मिथिल पाऱ्याला दीड महिना लागतो. गोवराच्या लशीत तो कधीच नव्हता. ती जिवंत विषाणूची लस आहे, पाऱ्याने ती निकामीच झाली असती.

ॲल्युमिनिअमबद्दल ‘आईच्या दुधातही असतंच की’ असे समजावले जाते. ही तुलना आम्हाला अर्धवट वाटते. तोंडावाटे घेतलेल्या ॲल्युमिनिअमचा एक टक्कासुद्धा आतड्यातून शोषला जात नाही, टोचलेले मात्र हळूहळू सगळे रक्तात येते. खरे उत्तर असे, की एका डोसमध्ये ते एक मिलिग्रॅमपेक्षा कमी असते, आठवडे-महिने थेंबाथेंबाने सुटते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. डेन्मार्कमध्ये १९९७ ते २०१८ या काळात जन्मलेल्या सुमारे १२ लाख मुलांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दमा, ॲलर्जी, स्वमग्नता यांसह ५० विकार तपासले. लशींतून मिळालेल्या ॲल्युमिनिअमबरोबर त्यांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

स्वमग्नतेचा दावा १९९८ सालचा, तोही अवघ्या १२ मुलांवरचा. तो शोधनिबंध ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला आणि त्याच वर्षी मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. डेन्मार्कच्याच साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९च्या अभ्यासात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक दिसला नाही. जपानने तर गोवर-गालगुंड-रुबेलाची तिहेरी लस १९९३ साली बंदच केली होती (कारण वेगळे होते, गालगुंडाच्या घटकाने मेंदूच्या आवरणाला सूज येत होती), तरीही योकोहामात स्वमग्नतेच्या नोंदी वाढतच राहिल्या.

प्रश्न : मग लशीचा खरा धोका काय? डॉक्टर ‘काही होत नाही’ म्हणून मोकळे होतात.

उत्तर : ‘काही होत नाही’ हे उत्तर चुकीचे आहे आणि पालकांचा विश्वास त्यानेच उडतो. गोवर-गालगुंड-रुबेला लशीनंतर दर ३,००० ते ४,००० डोसांमागे एका मुलाला तापात झटका येतो. तो त्याच रात्री येत नाही, बहुधा सहाव्या ते चौदाव्या दिवसांत येतो, कारण लशीतला विषाणू वाढायला तेवढा वेळ लागतो. त्याच लशीने ३० ते ४० हजारांत एकाचे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) तात्पुरते उतरतात. अंगावर जांभळे ठिपके दिसले तर लगेच दाखवा. जीवघेणी ॲलर्जी दहा लाख डोसांमागे साधारण एकदा होते, म्हणून टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचे. दुसऱ्या पारड्यात गोवर ठेवा : हजारांत एकाला मेंदूज्वर होतो, आणि उपचार चांगले मिळाले तरी हजारांत एक ते तीन मुले दगावतात.

चुका जास्त होतात त्या हाताळणीत. गोवराच्या लशीची पूड द्रावणात मिसळल्यावर ती थंड ठेवून सहा तासांत संपवायची, उरलेली फेकायची. तिच्यात जंतुरोधक नसतो. शिळ्या कुपीत जिवाणू वाढले, की त्यांच्या विषाने काही तासांतच मुलाला उलट्या-जुलाब होऊन ते कोसळते. सीरियात २०१४ साली द्रावणाऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले आणि किमान १५ मुले दगावली. म्हणून टोचण्याआधी तीन गोष्टी विचारा : कुपी किती वाजता फोडली, द्रावण त्याच लशीसोबत आलेले आहे का, आणि कुपीवरचा चौकोन दाखवता का? बऱ्याच कुप्यांवर गोलात एक चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्ही सारखे झाले किंवा चौकोन गडद झाला, तर तिला फार उष्णता लागली आहे. गोठलेली लस मात्र या खुणेवरून ओळखता येत नाही. ॲल्युमिनिअम असलेली लस गोठून वितळली की हलवल्यावर गुठळ्या दिसतात आणि गढूळपणा लवकर तळाशी बसतो. तशी लस घेऊ नका.

प्रश्न : रात्री ताप आला तर काय करावं? आधीच औषध पाजून न्यावं का?

उत्तर : आधी पाजू नका. त्याने प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिने) थोडी कमी तयार होतात, असे २००९च्या अभ्यासात दिसले. मेनिंजायटिस-बी लशीचा अपवाद आहे, तिथे डॉक्टरच आधी द्यायला सांगतात. ताप येऊन बाळ किरकिरत असेल तर पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम द्या. दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. सहा किलोच्या बाळाला ९० मिलिग्रॅम लागते. एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर ०.९ मिलि, आणि पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचे सिरप असेल तर पावणेचार मिलि. घोळ इथेच होतो : घरात सिरप असते तेव्हाची सवय म्हणून थेंबांचे औषध चमच्याने पाजले जाते, आणि पाच मिलिच्या चमच्यात बाळाला पाचपटीहून जास्त औषध जाते. लेबलवरची मात्रा वाचून बाटलीसोबतच्या ड्रॉपरनेच मोजा. ॲस्पिरिन नको. मांडी चोळू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप असेल तर लशीवर ढकलू नका, दाखवून या. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : लस चांगली असेलही, पण सक्ती कशाला? माझ्या मुलाचं मी बघेन.

उत्तर : धनुर्वातापुरते तुमचे म्हणणे बरोबर आहे. तो माणसाकडून माणसाला होत नाही, मातीतून जखमेत शिरतो. तिथे तुमच्या निर्णयाची किंमत फक्त तुमचे मूल मोजते (आणि तोही प्रश्न सोपा नाही). गोवराचे तसे नाही. लस नसलेल्या समाजात एक रुग्ण १२ ते १८ जणांना गोवर देतो, रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याची लागण होऊ शकते आणि साखळी तुटायला सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित लागतात. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांना गोवराची लस सहसा देत नाहीत, आणि कर्करोगावर उपचार घेणारी मुले ती घेऊच शकत नाहीत. त्यांचे संरक्षण इतरांच्या दंडातल्या लशीवर अवलंबून असते.

सक्तीचा इतिहास मात्र संमिश्र आहे. इंग्लंडने १८५३ साली देवीची लस सक्तीची केली, पुढे दंड वाढवले, त्याविरुद्ध १८८५ साली लेस्टरमध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि १८९८ साली सद्सद्विवेकाच्या आधारे सूट द्यावी लागली. इटलीने २०१७ साली दहा लशी सक्तीच्या केल्या आणि गोवराच्या पहिल्या डोसचे प्रमाण २०१६च्या ८७ टक्क्यांवरून २०१९ पर्यंत ९४ टक्क्यांवर गेले. स्वीडनने सक्तीशिवायच वर्षानुवर्षे ९५ टक्क्यांच्या आसपास मजल मारली.

आमचे मत : सक्ती गोवरासारख्या झपाट्याने पसरणाऱ्या आजारांपुरती, आणि लस घराजवळ, वेळेवर मिळते आहे याची खात्री झाल्यावरच. बऱ्याच मुलांचे डोस चुकतात ते विरोधामुळे नाही, तर रजा न मिळाल्याने किंवा साठा संपल्याने. अशा पालकाला दंड करून काय साधणार? आणि जे सरकार सक्ती करते, त्याने दहा लाखांतल्या त्या एका मुलाची भरपाईही दिली पाहिजे. जर्मनीने तसा कायदा १९६१ साली केला. अमेरिकेने १९८६ साली भरपाई योजना आणली, तिथे लशीवर लावलेल्या करातून पैसे येतात.

प्रश्न : या वादात मुलीचा दुसरा डोस चार महिने मागे पडला. पुन्हा पहिल्यापासून?

उत्तर : नाही. जिथे थांबलात तिथूनच पुढे जा, दिलेला डोस वाया जात नाही. नेहमीच्या लशींच्या दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवा. टोचून देण्याच्या दोन वेगवेगळ्या जिवंत लशी एकाच दिवशी द्या, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने. साधी सर्दी किंवा बारीक ताप हे पुढे ढकलण्याचे कारण नाही. मुलीला मधल्या काळात रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) दिले गेले असेल, स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असेल किंवा मागच्या डोसला अंग सुजून श्वास अडकला असेल, तर सुईआधी हे आवर्जून सांगा. कार्ड हरवले असल्यास आठवणीवर विसंबू नका. लेखी नोंद नसलेला डोस बहुतेक ठिकाणी न दिलेला धरतात, आणि गोवराची लस जास्तीची गेली तरी त्याने अपाय होत नाही.