आधी घाट, मग नक्षी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, फोटोही पाहिले. लाकूड कातायचा लेथ आता हाताला सवयीचा झालाय आणि तुला पुढं जायचंय. रंग, जाळीकाम, तापल्या तारेनं जाळून काढलेली नक्षी, निमुळत्या तोंडाची पोकळ पात्रं, यातलं आधी काय शिकू, असं विचारलंस. माझं उत्तर ऐकून हिरमुसू नकोस. यातलं काहीच आधी नको. अजून काही महिने नुसत्या घाटावर, म्हणजे वाडग्याच्या आकारावर, काम कर. का, ते सविस्तर लिहिते.

फोटोतला तो गडद रेघांचा वाडगा घे. लाकूड देखणं आहे, पॉलिशही छान बसलंय. पण त्याची बाहेरची रेषा पाहा. बुडापासून नीट निघते, मध्यावर येऊन सपाट होते आणि काठाच्या बोटभर खाली एकदम वळते. लाकडाच्या रेघाच नजर खेचून घेतात, त्यामुळे हे चटकन कळत नाही. तोच फोटो कृष्णधवल करून पाहा, किंवा वाडगा खिडकीत उजेडासमोर ठेवून फक्त त्याची कडा पाहा. ती सपाट जागा मग डोळ्यांना टोचेल. म्हणून सध्या देखणं लाकूड बाजूला ठेव. फिक्या रंगाचं, एकसारख्या रेशांचं, मध्यम कठीण लाकूड घे. त्यात रेषा चुकली की लपायला जागा नसते.

जेम्स प्रेस्टिनी यांचं काम शोधून जरूर पाहा. शिक्षणानं इंजिनिअर असलेल्या या माणसानं १९३० ते १९५० च्या दशकांत शिकागोत लेथवर इतके पातळ वाडगे काढले, की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं ते आपल्या संग्रहात घेतले. त्यांवर कोरीवकाम नाही, रंग नाही. बुडापासून काठापर्यंत एक अखंड रेषा आणि तिला साजेशी भिंत, एवढंच. सजावटीचं काम करायची इच्छा असलेल्या प्रत्येकाला मी आधी तेच पाहायला सांगते, कारण नक्षी उभी राहते ती अशाच रेषेवर.

आता ती रेषा साधायची कशी? कातताना नजर हत्याराच्या टोकावर खिळवू नकोस. फिरणाऱ्या लाकडाची वरची कड पाहा. तिथं घाट बाजूनं दिसतो आणि हात कुठं उचलायचा, कुठं दाबायचा ते आपोआप कळायला लागतं. हत्याराची मूठ कमरेला टेकव आणि वळण मनगटानं घेण्यापेक्षा पायांनी घे. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सरकलं की रेषा सलग येते. मनगटानं काढलेल्या रेषेत गाठी राहतात, आणि त्या तुझ्या फोटोत मला दिसल्या. मधूनमधून लेथ पूर्ण थांबव, डोळे मीट आणि बोटं बुडाकडून काठाकडे फिरव. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो.

आणखी एक. लेथवर वाडगा आडवा असतो आणि आडव्या वस्तूचा घाट माणसाला नीट जोखता येत नाही. बाहेरची बाजू झाली की चकसकट, म्हणजे वाडगा धरणाऱ्या जबड्यांच्या पकडीसकट, तो स्पिंडलवरून, लेथच्या फिरत्या दांड्यावरून, काढ, टेबलावर सुलटा ठेव आणि चार पावलं मागं जा. चकच्या जबड्यांतून मात्र सोडवू नकोस. पुन्हा धरताना तो नेमका त्याच केंद्रावर क्वचितच बसतो. टेबलावर ठेवलेला वाडगा जड वाटला, जमिनीला चिकटल्यासारखा वाटला, तर दोष बहुतेक बैठकीत, म्हणजे वाडगा ज्यावर टेकतो त्या बुडात, असतो. तुझ्या तिन्ही वाडग्यांची बैठक एकाच मापाची आहे आणि ते माप तुझ्या चकच्या जबड्यांचं आहे. म्हणजे घाट तू ठरवला नाहीस, यंत्रानं ठरवला. चकमध्ये धरायला बुडाशी राखलेला खुंट वाडग्याच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश ठेवावा लागतो. त्याला जबड्यांच्या कोनाचा उतार हवा, खांदा जबड्यांवर घट्ट टेकलेला हवा आणि टोक चकच्या तळाला लागता कामा नये. हे सगळं पकडीसाठी. पोट कोरून झालं की वाडगा उलटा कर, लाकडाच्या ठोकळ्यावर मऊ कापड टाकून टेलस्टॉकनं, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधारानं, दाबून धर आणि खुंट कातून घाटाला हवी तेवढीच बैठक ठेव. तिचा मध्य किंचित खोलगट कर. लाकूड पुढं थोडं हललं तरी वाडगा डुगडुगत नाही.

बाहेरची रेषा लोक पाहतात, पण वाडगा हातात घेतल्यावर बोलते ती आतली. आत-बाहेरच्या रेषा जुळल्या नाहीत, काठ पातळ आणि बूड गच्च राहिलं, की उचलणाऱ्याचा हात फसतो. हे कळण्यासाठी एकच उपाय मला ठाऊक आहे आणि तो कोणालाच आवडत नाही. चांगला झालेला वाडगा बँडसॉवर, म्हणजे पट्ट्याच्या करवतीवर, मधोमध काप. वाडगा उपडा ठेवून, काठ टेबलावर सपाट टेकवून, हळू. बिघडलेला नाही, चांगला झालेलाच काप. कापलेल्या तोंडाशी भिंतीची जाडी उघडी पडते. कुठं तुझं हत्यार बुजलं, तळाच्या वळणाशी कुठं लाकूड राहून गेलं, सगळं तिथं दिसतं. कॅलिपर जाडी सांगतो, पण सगळी रेषा एका नजरेत दाखवत नाही.

आता धार. घाट पॉलिश पेपरनं सुधारतो असं तुला वाटत असेल तर ते मनातून काढून टाक. वाडग्यासाठी लाकूड बहुधा असं धरलेलं असतं, की रेशे अक्षाला आडवे जातात. त्यामुळे एका फेऱ्यात हत्याराला दोनदा रेशांची उभी टोकं भेटतात आणि दोनदा त्यांच्या कुशी, म्हणजे बाजू. पेपर कुशीची मऊ जागा जास्त खातो, टोकांची कमी. फार घासलास तर गोल वाडगा नकळत लंबगोल होतो, आणि उपटलेले रेशे तरीही खोल राहतात. उपटलेल्या जागेवर इलाज एकच, ताजी धार आणि शेवटचा हलका हात. बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे ये, आतून काठाकडून बुडाकडे जा, म्हणजे कापल्या जाणाऱ्या रेशाला मागच्या रेशाचा आधार मिळतो. धारेमागचा उतार आधी लाकडाला टेकव, मग मूठ हळूच उचल आणि धार लागू दे. ढलप्या लांब, ओलसर रिबिनीसारख्या सुटल्या तर सगळं ठीक आहे. भुसा उडायला लागला की ग्राइंडरकडे जा. धार लावायला आळस करू नकोस, मीही अजून एकेका वाडग्यात कितीतरी वेळा उठते.

पातळ भिंतीला आणखी एक शिस्त लागते. आतून काठाजवळचा बोटभर भाग आधी पूर्ण जाडीला आण, मगच खाली उतर आणि पुन्हा वर जाऊ नकोस. खालचं लाकूड गेलं की काठ थरथरतो, आणि ओलं लाकूड असेल तर काततानाच आकार बदलायला लागतो.

ओल्या लाकडाबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, पण सजावटीच्या कामाचा निम्मा पाया तिथंच आहे. ताज्या ओंडक्यात पाणी भरपूर असतं. ओलावा तीस टक्क्यांच्या आसपास खाली येईपर्यंत लाकूड आकसत नाही. त्यानंतर आकसतं, आणि सगळीकडून सारखं नाही. वार्षिक वलयांच्या दिशेनं जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मं ते मध्यापासून सालीकडच्या दिशेनं आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून मधली भेंड, म्हणजे खोडाचा अगदी मधला गाभा, ठोकळ्यात ठेवलीस तर तडा ठरलेलाच. ओंडका भेंडीवरून उभा चीर, भेंडीलगतची पट्टी काढून टाक आणि कापलेल्या टोकांना त्याच दिवशी मेण फास. पुढं दोन वाटा आहेत. गोल वाडगा हवा असेल तर आधी जाड कात, भिंत व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे दहा इंचाला एक इंच. मग वारा न लागेल अशा जागी कागदी पिशवीत ठेव, अधूनमधून वजन कर आणि वजन उतरायचं थांबलं की पुन्हा लेथवर चढवून शेवटचा घाट दे. दुसरी वाट म्हणजे ओलं असतानाच एकदम पातळ कातायचं आणि लाकडाला हवं तसं वळू द्यायचं. काठ लाटेसारखा वरखाली होतो, तोंड लंबगोल होतं. मला स्वतःला ही दुसरी वाट जास्त आवडते, कारण शेवटचा आकार लाकूड आणि कातणारा मिळून ठरवतात. फिकं ओलं लाकूड दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आलं, की मागं दिवा धरल्यावर उजेड आरपार दिसतो. त्या उजेडावरून जाडी सारखी आहे की नाही तेही कळतं. एड मोल्थ्रॉप यांनी तिसरी वाट काढली होती. पेशानं वास्तुविशारद असलेले मोल्थ्रॉप आपली अजस्र पात्रं ओली कातून पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात मुरवत. ते रसायन पाण्याची जागा घेतं, म्हणून लाकूड आकसत नाही.

पोकळ पात्रांची तुला फार घाई दिसते. डेव्हिड एल्सवर्थ यांनी १९७० च्या दशकात वाकड्या हत्यारांनी, बोटं जेमतेम जातील एवढ्या तोंडातून आतलं पोट कोरून दाखवलं आणि या कलेची दिशाच बदलली. पुढं १९८६ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही लाकूड कातणाऱ्यांची संघटना उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच होते. त्या कामात धार डोळ्याला दिसत नाही, आवाज आणि मुठीत येणारी थरथर यांवरच चालावं लागतं. उघड्या वाडग्यात तो आवाज ओळखता आला, की मगच तिकडे वळ.

जिवाशी संबंध असलेल्या गोष्टी थोडक्यात सांगते, पण त्यांत सूट नाही. दहा इंचाचा ठोकळा मिनिटाला ९०० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याची कड ताशी सुमारे ४३ किलोमीटर वेगानं जात असते. व्यास इंचांत घेऊन मिनिटाच्या फेऱ्यांशी गुणाकार कर, उत्तर ६,००० ते ९,००० मध्ये राहू दे. ठोकळा वेडावाकडा असेल तर त्याहूनही कमी. नुसता चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी शील्ड हवी, आणि लेथ सुरू करताना ठोकळ्याच्या रेषेत उभं राहू नकोस. स्पिंडल रफिंग गाऊज, म्हणजे लांबट लाकूड ओबडधोबड गोल करायचं पन्हाळी हत्यार, वाडग्याला कधीही लावू नकोस. त्याचं मुठीत जाणारं शेपूट बारीक असतं, अडकलं की तिथंच तुटतं. आणि भुसा. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. घासताना मास्क हवाच. बुरशीनं काळ्या रेघा आलेलं लाकूड दिसायला विलक्षण, पण त्याच्या धुळीत बुरशीही असते.

आता नक्षी. घाट हाताशी आला की नक्षी वाडगा कातण्याआधी ठरव, नंतर नाही. जाळीकाम करायचं तर भिंत दोन मिलिमीटरच्या आसपास आणि सगळीकडे सारखी हवी, कारण ते दंतवैद्याच्या ड्रिलसारख्या, मिनिटाला तीनेक लाख फेऱ्या घेणाऱ्या हवेच्या हत्यारानं होतं. कोरीवकाम करायचं तर उलट, काठाखाली जाड पट्टा राखून ठेवावा लागतो. रंगाखाली प्रत्येक ओरखडा दुप्पट दिसतो, म्हणून पेपरची एकही पायरी गाळू नकोस. १२० नंबरच्या पेपरनंतर १८०, मग २४०, मग ३२०, आणि प्रत्येक पायरीनंतर लेथ थांबवून रेशांच्या दिशेनं हातानं. बरेच रंग उन्हात फिके पडतात, हेही ध्यानात ठेव. काळा रंग हवा असेल तर मला डबीतल्या रंगापेक्षा जुनी पद्धत पसंत आहे. व्हिनेगरमध्ये लोखंडी काथ्या मुरवून ते पाणी टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असलेल्या लाकडाला लावायचं. लोखंड आणि टॅनिन मिळून लाकडातच काळं होतं, रेशे झाकले जात नाहीत. टॅनिन नसलेल्या लाकडावर आधी कडक चहाचा हात फिरवावा लागतो.

एका वाडग्यावर एकच गोष्ट कर. काठ जाळलास तर पोट साधं ठेव. बाहेर कोरलंस तर आतून नितळ राहू दे. आणि नक्षी करण्याआधी स्वतःला विचार, हा वाडगा नक्षीशिवाय टेबलावर ठेवायला मला आवडेल का? नाही असं उत्तर आलं तर नक्षीनं तो वाचणार नाही.

तेलाचं पॉलिश करत असशील तर जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कधी टाकू नकोस. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. उघड्यावर एकेक पसरून वाळव, मगच टाक.

पुढच्या पत्रासोबत तीन फोटो पाठव. साध्या लाकडाचा, नक्षी नसलेला एक वाडगा, डोळ्याच्या पातळीवरून, मागं पांढरा कागद लावून. त्याचाच उपडा फोटो, बैठक दिसेल असा. आणि त्याच घाटाचा दुसरा वाडगा मधोमध कापून, कापलेली बाजू समोर ठेवून. तिसरा फोटो नसेल तर पहिल्या दोघांवर मी फारसं काही सांगू शकणार नाही.