तरंगत्या बर्फाची लेव्हल

प्रश्न : आमच्या कॉलेजची सहल सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात गेली होती. अंटार्क्टिकातल्या आईस शेल्फच्या भेगा उपग्रहावरच्या लेझरने मोजतात, असं तेव्हा कळलं. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. भेग तर उपग्रहाच्या फोटोतही दिसते, मग लेझर कशाला? आणि एवढ्या उंचावरून सोडलेल्या उजेडाला खोली कशी कळते? तुम्ही सर्व्हेत होता, म्हणून तुम्हालाच विचारते, काका.
— बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, म्हार्दोळ

उत्तर : बाय, नोकरीभर मी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) घेऊन हिंडलो, आणि नोकरीभर लोकांनी मला तुझाच पहिला प्रश्न विचारला : नकाशा आहे ना, मग परत काय मोजताय? नकाशा आडवं सांगतो, उभं नाही. दिवाडीच्या खाजनात बांधाला तडा गेला तर माणूस त्याची लांबी बघत बसत नाही, आधी बांबू खुपसून बघतो. लेझर म्हणजे तो बांबू.

आईस शेल्फ म्हणजे जमिनीवरून सरकत समुद्रात उतरलेला आणि मागे हिमनदीला चिकटून तरंगत राहिलेला बर्फ. जाडी शेकडो मीटर, त्यातला नऊ-दशांशाच्या आसपास पाण्याखाली. तडा आरपार गेला की खालून समुद्र वर येतो आणि गोठतो, कडांचे ढेकूळ आत पडतात, वारा वरून भुसभुशीत बर्फ भरतो. या खिचडीला मेलांज म्हणतात. फोटोत सगळं पांढऱ्यावर पांढरं. शिवाय तिथल्या हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, तेव्हा साधा कॅमेरा आंधळा. लेझर आपला उजेड आपण घेऊन जातो.

सध्या हे काम करतो तो नासाचा आइससॅट-२. सप्टेंबर २०१८ मध्ये वर गेला, सुमारे ५०० किलोमीटरवरून फिरतो. हिरव्या लेझरचे सेकंदाला १०,००० ठोके. तो सेकंदाला सात किलोमीटर पुढे जातो, म्हणजे दर ७० सेंटिमीटरला एक रीडिंग. (आम्ही तीस मीटरला एक घ्यायचो आणि घाम पुसायचो.) प्रत्येक ठोक्यात सुमारे २० लाख कोटी फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, खाली जातात आणि परत दुर्बिणीत येतात जेमतेम डझनभर. त्यांना जाऊन यायला किती वेळ लागला, एवढंच मोजायचं. जाण्यायेण्यात एक नॅनोसेकंद कमी-जास्त झाला तर उंचीत १५ सेंटिमीटरचा फरक. घड्याळ त्याहून बारीक मोजतं.

ठिपके कागदावर उतरवले की शेल्फचा माथा सपाट रेषेसारखा येतो. भेग आली की रेषा दाणकन खाली जाते, मेलांजवर टेकते आणि पलीकडच्या कडेला वर चढते. समजा, माथा समुद्रापासून ३० मीटरवर आणि आतला तळ ४ मीटरवर. भेग २६ मीटर खोल दिसली, पण खरी माहिती त्या चारात आहे. तरंगणारी वस्तू वर किती दिसते त्यावरून खाली किती आहे याचा अंदाज बांधता येतो, म्हणजे भेगेत भरलेला बर्फ जाड आहे की नुसती साय, ते कळतं. फोटो हे सांगणार नाही.

रुंदीत मात्र एक खोच आहे. दुधी तिरका चिरला की चकती लांबट येते, तसाच उपग्रह भेगेला तिरका ओलांडून गेला तर ती आहे त्यापेक्षा रुंद वाटते. म्हणून भेगेची दिशा हवी. आइससॅट-२ एका लेझरचे सहा किरण करतो, तीन जोड्या. जोडीतल्या दोघांत ९० मीटर अंतर. दोन्ही किरणांनी भेग कुठे पकडली ते जोडलं की दिशा मिळते. प्रत्येक ठिपका जमिनीवर साधारण ११ मीटर रुंद पडतो, त्यामुळे हातभर फटी सुटतात. आणि ढग दाट असले की हाही आंधळा.

आता मला खरा आवडलेला भाग. नवा होतो तेव्हा एका जेटीच्या कामावर मी तात्पुरता बेंचमार्क (ज्या पक्क्या खुणेपासून उंची मोजतात ती) तरंगत्या पॉन्टूनवर ठोकला. सकाळच्या आणि दुपारच्या रीडिंगमध्ये दोन फुटांचा फरक! साहेब म्हणाले, ‘‘ओहोटीत गोवा दोन फूट वर आला म्हणायचं?’’ आईस शेल्फ हे तसंच पॉन्टून. भरती-ओहोटीबरोबर सबंध शेल्फ वरखाली होतो, ते वजा करावं लागतं. वर तो समुद्राकडे सरकतही असतो. उपग्रह ९१ दिवसांनी त्याच रेषेवर येतो, तेव्हा खाली तोच बर्फ नसतो. भेग रुंदावली की नुसती पुढे सरकली, हे ठरवायला आधी बर्फाची चाल काढावी लागते. साहेब असते तर त्यांना हे वाचून दाखवलं असतं.

हा खटाटोप का, ते ब्रंट आईस शेल्फवर बघ. तिथली ‘कॅझम-१’ ही जुनी भेग २०१२ साली पुन्हा वाढायला लागली, तेव्हा ब्रिटिशांनी आपलं हॅली-६ केंद्रच उचलून २३ किलोमीटर आत नेलं. सगळ्यांचे डोळे त्या भेगेवर, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तुकडा तुटला तो उत्तरेकडच्या दुसऱ्याच भेगेने. कॅझम-१ ने आपला हिमनग दिला जानेवारी २०२३ मध्ये, सुमारे १,५५० चौरस किलोमीटरचा. लार्सन-सी या दुसऱ्या शेल्फवरून जुलै २०१७ मध्ये तुटलेला तर ५,८०० चौरस किलोमीटर. आपला सबंध गोवा ३,७०२.

तरंगता बर्फ तुटल्याने समुद्र लगेच वर येत नाही, तो आधीच पाण्यात आहे. पण शेल्फ मागच्या हिमनद्यांना अडवून धरतो. लार्सन-बी २००२ साली महिनाभरात विस्कटला आणि मागच्या हिमनद्या धावत सुटल्या. त्यांचं पाणी मात्र नवं.

आइससॅट-२ ची सगळी माहिती फुकट खुली आहे. अंटार्क्टिकातल्या आपल्या भारती केंद्रापासून फार दूर नसलेल्या अमेरी शेल्फची एखादी रेषा उतरवून बघ, आणि मला कागदावर पाठव. मोबाइलवर मला ठिपके दिसत नाहीत.

प्रश्न : भारताचं अंटार्क्टिकातलं पहिलं केंद्र बर्फाखाली गाडलं गेलं, हे खरं का?
— एक वाचक, शिवोली

उत्तर : खरं. पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला आपल्या गोव्यातूनच निघाली, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. फार गाजावाजा नव्हता. आम्हाला मागाहून पेपरात वाचून कळलं. पुढे १९८३-८४ मध्ये ‘दक्षिण गंगोत्री’ उभं राहिलं, तेही आईस शेल्फवर. दर वर्षीचं हिम साचत गेलं, केंद्र खाली जात राहिलं आणि १९९० च्या सुमारास सोडावं लागलं. त्यानंतरचं केंद्र ‘मैत्री’ खडकावर आहे. तिथे निदान बेंचमार्क खोदायला जागा आहे.