वाचकांचे प्रश्न : कॉलरचं बटण आणि गोडबोल्यांची शाळा

प्रश्न : आमच्या वाचनगटात ई. एम. फॉर्स्टर यांची ‘अ पॅसेज टू इंडिया’ घेतली आहे. चर्चा दर वेळी ‘गुहेत नेमकं काय घडलं?’ इथेच अडते. वसाहतवाद, पूर्वग्रह आणि अझीझ-फील्डिंगची मैत्री यांवर बोलायचं, तर सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, सांगली

उत्तर : गुहेचं कोडं, म्हणजे अडेला या इंग्रज तरुणीवर तिथे अझीझने हात टाकला की नाही, ते बाजूला ठेवा, लेखकाने ते मुद्दामच उलगडलेलं नाही. सुरुवात 7व्या आणि 8व्या प्रकरणापासून करा, आणि दोन्ही एकाच बैठकीत वाचा. इंग्रज प्राचार्य फील्डिंगच्या कॉलरचं बटण तुटतं, तेव्हा मुसलमान डॉक्टर अझीझ ‘माझ्याकडे जास्तीचं आहे’ अशी थाप मारून स्वतःच्या कॉलरचं सोन्याचं बटण त्याला काढून देतो. मग त्याची स्वतःची कॉलर मागून वर सरकत राहते. पुढच्याच प्रकरणात इंग्रज अधिकारी रॉनी ती कॉलर आठवून शेरा मारतो, की हिंदुस्थानी माणूस असाच, टायपिनपासून सगळं झोकात आणि बटण मात्र विसरलेला! औदार्य डोळ्यांसमोर असूनही दिसतो तो वंशाचा ढिलेपणा. आणि रॉनी दुष्ट नाही, हे चर्चेत सुटू देऊ नका. सिटी मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीत बसलेल्याचा असा समज निकालाच्या वजनाचा असतो. अझीझ कडक कॉलर का घालतो, तेही 7व्यातच आहे: साहेबी कपड्यांत सायकलवर असला की पोलीस हटकत नाहीत, फेझ टोपी घातली की ‘दिवा विझलाय’ म्हणून ओरडतात.

हे वाचलं, की गुहेनंतरचा अझीझवरचा खटला आपोआप उलगडतो. अडेलाची तुटक्या पट्ट्याची दुर्बीण अझीझ गुहेच्या तोंडाशी उचलून खिशात टाकतो, आणि तीच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते.

पूर्वग्रह फक्त गोऱ्यांचा, असं समजलात तर अर्धी कादंबरी हातची जाईल. 30व्या प्रकरणात अझीझ आणि त्याच्या खटल्याचे हिंदू मॅजिस्ट्रेट दास प्रेमाने हात मिळवतात, आणि त्याच क्षणी अझीझला हिंदूंमुळे शेण आठवतं, तर दासच्या मनात ‘काही मुसलमान फार हिंसक असतात’.

मैत्री तुटते ती शत्रुत्वाने नाही. खटल्यातून सुटका झाल्यावर फील्डिंग अझीझला अडेलाकडून भरपाई न घेण्याची गळ घालतो. मग अफवा उठते, आणि फील्डिंगने अडेलाशीच लग्न केलं असं धरून अझीझ त्याची पत्रं पुरती वाचतही नाही. प्रत्यक्षात बायको असते रॉनीच्या आईची, मिसेस मूर यांची, मुलगी स्टेला.

बैठका चार ठेवा: प्रकरणं 1–11, 12–24, 25–32 आणि 33–37. शेवटची पाच प्रकरणं बहुतेक गट घाईत उरकतात, तिथेच चुकतं. 1984चा चित्रपट पाहून शेवट गृहीत धरू नका. तिथे समेटावर भर आहे.

प्रश्न : ‘अ पॅसेज टू इंडिया’तले प्राध्यापक गोडबोले आपले मराठी का? – एक वाचक, पुणे

उत्तर : कादंबरी त्यांना दक्खनी ब्राह्मण म्हणते, आणि 33व्या प्रकरणात गोकुळाष्टमीला ते तुकारामाचं नाव घेत नाचतात. धागा देवास संस्थानचा आहे. 1921 मध्ये फॉर्स्टर तिथल्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव होते आणि तिथली गोकुळाष्टमी त्यांनी जवळून पाहिली. कादंबरीतलं मुख्य गाव चंद्रपोर मात्र आपलं चंद्रपूर नव्हे. ते गंगाकाठचं, पाटण्याजवळच्या बांकीपूरवर बेतलेलं. गुहा गयेजवळच्या बराबरच्या.

गोडबोल्यांना नुसते ‘गूढ हिंदू’ करून टाकू नका. अझीझ अटकेत आहे, फील्डिंग कासावीस आहे, आणि हे गृहस्थ विचारतात, आमच्या नव्या शाळेला नाव काय द्यावं? मिस्टर फील्डिंग हायस्कूल, नाहीतर सम्राट पंचम जॉर्ज! पुढे त्या शाळेचं धान्याचं कोठार झालेलं असतं, आणि शिक्षणमंत्री झालेले गोडबोले आपल्या जुन्या प्राचार्यांना ते सांगायचं टाळत फिरतात.