नोकरी शिक्षकाची, घरी मुलं आणि वेड कुमारवयीनांच्या कादंबऱ्यांचं: तिन्हींचा मेळ कसा घालता?

वेळेबद्दल विचारत असाल तर ते आधी उरकतो. ऑफ तासाला वाचतो, मुलीचा क्लास सुटेपर्यंत बाहेर बसून वाचतो, पेपरांचे गठ्ठे असले की दर दहा पेपरांमागे एक प्रकरण. या कादंबऱ्या आटोपशीर असतात, हा मोठाच फायदा. झालं, वेळेचं एवढंच.

खरी पंचाईत होते ती शिक्षक, बाप आणि वाचक असे तिघंही एकाच पुस्तकावर हात टाकतात तेव्हा. माझी झाली.

मुलगी तेव्हा तेरा वर्षांची, माझ्याच शाळेत, पण मी शिकवत नाही त्या तुकडीत. आमच्या घरी पुस्तकाची प्रत एकच, आधी ती वाचणार, मग मी. त्या वेळी एस. ई. हिंटन या अमेरिकन लेखिकेची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी आणली होती. हिंटनने ती लिहायला घेतली पंधराव्या वर्षी आणि १९६७ साली छापून आली तेव्हा ती अठराची होती, हे मी मुलीला दोनदा ऐकवलं. (दोनदा ऐकवणं हा आमच्या धंद्याचा रोग.) पोरीने दोन रात्रींत संपवली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली.

आईवडील गेल्यावर वीस वर्षांचा थोरला भाऊ धाकट्यांना सांभाळतोय, आणि सगळ्यांत धाकट्याने कितीही मार्क आणले तरी याचं समाधान होत नाही, अशी एक जागा त्यात सुरुवातीलाच येते. तिथे पेन्सिलीची रेघ होती. समासात बारीक अक्षरात एकच शब्द, 'सेम'.

बापाने तिथे थांबायला हवं होतं. पुस्तक मिटून जरा स्वतःकडे बघायला हवं होतं. पण जागा झाला तो शिक्षक. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात म्हणालो, "तुमच्याच वयाच्या एका मुलीने या ओळींपुढे 'सेम' लिहिलंय. का लिहिलं असेल?" नाव घेतलं नाही, म्हणजे मी अगदी सभ्यपणाने वागलो अशी माझी समजूत. तास काय रंगला! एरवी ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही ती मुलंसुद्धा बोलली. मधल्या सुट्टीपर्यंत ही बातमी तिच्या तुकडीत पोचली होती. सर घरी कुणाबरोबर पुस्तकं वाचतात हे अख्ख्या शाळेला माहीत.

संध्याकाळी ती काहीच बोलली नाही. रात्री पुस्तक पुन्हा माझ्या टेबलावर. रेघ खोडलेली, 'सेम' खोडलेलं, पानांच्या खाचेत खोडरबराचा भुगा तसाच. मी बोलायला गेलो तर एवढंच म्हणाली, "बाबा, पुस्तक तुला दिलं होतं. वर्गाला नाही."

आणि गंमत बघा. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने, जो स्वतः कित्येक वर्षं शिक्षक होता, १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहिले. न वाचण्याचा, पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा वगैरे. ते दहाही हक्क मी स्वतःच्या हाताने लिहून वर्गाच्या भिंतीवर लावलेत. दहावा हक्क गप्प बसण्याचा आहे. त्याच भिंतीसमोर उभं राहून मी हे केलं.

आठ महिने तिने मला एकही पुस्तक दिलं नाही. मग एक दिवस दिलं. आत एकही खूण नव्हती. मी शोधली.

तेव्हा माझा सल्ला असा: मुलाने वाचलेल्या पुस्तकावर घरी प्रश्न विचारू नका आणि वर्गात लिहून मागू नका. आमच्याकडे एक ज्येष्ठ सर होते, आता निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं, वाचलं की त्यावर दोन पानं लिहून घ्यायचीच, नाहीतर पोरं वाचल्याचं नाटक करतात. करू देत की! नाटक करायला तरी पुस्तक उघडावं लागतं. यावरून आमचं वर्षानुवर्षं वाजलं. माझा किस्सा कळल्यावर मात्र ते खूश होऊन म्हणाले, "वापरलंत ना शेवटी पुस्तक!" वापरलं, आणि त्याची किंमतही मोजली, त्यामुळे तो मुद्दा त्यांच्या नाही, माझ्याच बाजूचा आहे. हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

आता हेही सांगायला हवं की मला मूल एकच, तेही स्वतःचं स्वतः करणारं. तुमची लहान असतील तर यातलं फारसं कामाला येणार नाही. आणि मी ऑफ तासाला वाचत बसायचो तेव्हा घरचं निम्म्याहून जास्त बायको ओढत होती. हे तिने लिहायला लावलेलं नाही, पण तिने वाचलं तर बरं.

तेच सर मला स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारायचे, "काय, अजून पोरांचीच पुस्तकं? मोठे कधी होणार?" तुमच्याकडेही असं कुणीतरी असेलच. त्यांना सांगा, २०१२ साली अमेरिकेत पाहणी झाली तेव्हा बारा ते सतरा वयासाठी म्हणून छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले, आणि त्यांतही सगळ्यांत जास्त तीस ते चव्वेचाळीसचे. मला हा आकडा सापडला तेव्हा सरांचा निरोप समारंभ होऊन गेला होता.