‘ती माझ्याकडे येतच नाही, मॅडम’

पूर्वी तरुण बाप बायकोला माझ्याकडे समुपदेशनासाठी सोडायला येत आणि बाहेर स्कूटरवर बसून राहत. हल्ली ते स्वतः वेळ ठरवून आत येतात. गोव्यातल्या फोंड्यासारख्या गावात हे होतंय याचं मला मनापासून समाधान आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं थोड्याफार फरकाने एकच असतं. मुलगी तीन-चार वर्षांची, तिला प्रत्येक गोष्टीला मम्मी लागते. ‘मी उचलून घेतलं की अंग आखडते. ही वर्षं चाललीत निघून, आणि माझ्या वाट्याला काहीच येत नाहीये.’

त्यांच्यापैकी एकाची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टची नोकरी, घरी आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी. तिला घरात सगळे बाय म्हणतात, मीही तेच म्हणते.

पहिल्या भेटीत ते हिशेब मांडावा तसं बोलले.

“रविवारी मिरामारला नेली, मॅडम. वाळूत खेळायला बादली घेतली, फावडं घेतलं, आइस्क्रीम दिलं. अर्ध्या तासात रडायला लागली, मम्मीकडे जायचं म्हणून. मी कमी कुठे पडतोय?”

“सोमवारी सकाळी तिचे दात कोण घासतं?”

“बायको.”

“केस?”

“आई. मी एकदा घेतली फणी, तर आई म्हणाली, दे इकडे, पुरुषांना ते जमत नाही.”

या ‘दे इकडे’मुळे किती बाप खोलीबाहेर गेलेत, ते मी रोज बघते. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. सुरुवातच तशी होते. २०१७च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. बापाला केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस मिळतात, खासगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात काहीच नाही. आई चुकतमाकत शिकते, पण शिकते. कोणतं रडणं भुकेचं, कोणतं झोपेचं, हे बापाला कळायला लागायच्या आत त्याची नाइट शिफ्ट सुरू झालेली असते. मग त्याच्या वाट्याला उरतो रविवार.

त्यांच्या मनात बापपणाचं चित्र कुठून आलं होतं, तेही हळूहळू उलगडलं. त्यांचे वडील खाणीवर ट्रक चालवायचे. अंधारात जायचे, अंधारात यायचे. जत्रेला गेले की खाजे आणायचे, गणपतीच्या चवथीला नवे कपडे. प्रेम म्हणजे बाहेरून काहीतरी घेऊन येणं, हे ते तिथे शिकले होते. मिरामार, बादली, आइस्क्रीम ही त्याच शिकवणीची पुढची पायरी होती. वडिलांनी दिलेलं कमी होतं असं मी मुळीच म्हणत नाही. त्या काळात, त्या नोकरीत ते खूपच होतं.

तीन-चार भेटी अशाच गेल्या. एका भेटीला ते चिडलेलेच आले. झोप होत नाही म्हणाले. मी म्हटलं, सांगा.

“नाइट करून साडेसहाला घरी पोचतो. डोळे मिटत असतात. नेमका तेव्हाच पाववाला पोदेर येतो. त्याचा भोंगा ऐकला की ही अंथरुणातून उठून धावत पायरीवर. काकण, तो गोल कडक पाव, तिला स्वतःच निवडायचं असतं. टोपलीतली सगळी चाचपून बघते, पोदेरसुद्धा हसतो. मग एक स्वतःच्या हातात घालते बांगडीसारखं आणि एक माझ्या. माझ्या हातात कुठे जातंय ते? बोटांवर अडकतं. तर ही दोन्ही हातांनी ढकलते, तोंड लाल होईपर्यंत. शेवटी मोडतं. मोडलं की मोठा तुकडा मला. पंधरा-वीस मिनिटं यातच जातात. सांगा, झोपायचं कधी माणसाने?”

मी विचारलं, “मम्मीच्या हातात घालते का कधी?”

“नाही. ती आत चहा करत असते.”

“आजीच्या?”

“नाही. ते आमचं दोघांचंच…”

आणि ते थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने जीभ आवरावी, समोरच्याचं मन काम करत असतं. मग ते खाली बघत म्हणाले, “मोठा तुकडा नेहमी मलाच देते, मॅडम. मी ते धरलंच नव्हतं.”

या कामातले असे क्षण मी जपून ठेवते. ज्या गोष्टीसाठी हा माणूस महिनाभर माझ्याकडे येत होता, ती रोज पहाटे त्याच्या दारात घडत होती. त्याने ती झोपमोडीच्या खात्यात टाकली होती. तेव्हापासून मी प्रत्येक बापाला आधी त्याच्या कटकटी सांगायला लावते: लेक चपला उलट्या घालून हट्टाने तशीच चालते, एकच गोष्ट सात वेळा सांगायला लावते, मिशी ओढते. बहुतेकांचे आनंद त्या यादीतच सापडतात. आनंद म्हणजे वेगळा वेळ काढून, तयारी करून साजरी करायची गोष्ट असं आपण धरून चालतो, म्हणून घाईच्या वेळी, नको तिथे भेटलेला आनंद ओळखताच येत नाही.

मुलाला माणसांचा लळा कसा लागतो याचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी, त्यांच्या विचाराने मी चालणारी. मूल कुणाला बिलगतं, हे त्याला कुणी काय आणून दिलं यावर ठरत नाही. १९६४ साली शॅफर आणि इमर्सन या संशोधकांचा ग्लासगोतल्या ६० बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दीड वर्षाची होईपर्यंत त्यांतल्या सुमारे ७५ टक्के बाळांना बापाचाही लळा लागला होता. आणि लळा सर्वांत जास्त वेळ जवळ असणाऱ्याचाच लागतो असं दिसलं नाही; बाळाची खूण ओळखून तिला प्रतिसाद देणाऱ्याचा तो लागत होता. शिफ्टवाल्या बापांना मी हे आवर्जून सांगते. वीस मिनिटं पुरतात, पण ती रोजची हवीत आणि त्यांत तिचं ऐकलं जायला हवं.

पुढे मी त्यांना एकच काम दिलं: बायची वेणी. पुढच्या भेटीला बायको आणि आई दोघींना बोलावलं आणि सांगितलं की त्या वेळी तुम्ही अंगणात जायचं. भांग वाकडा पडला तरी आत यायचं नाही, ती रडली तरी दोन मिनिटं थांबायचं. बायको म्हणाली, “मला वाटायचं मी ह्यांचा त्रास वाचवतेय.” आई मात्र रुसल्या. नातीचे केस म्हणजे त्यांचा हक्क होता, तो गेला की उरणार काय? त्यांचंही बरोबरच होतं. म्हणून तेल लावणं आजीकडे आणि वेणी पप्पांकडे अशी वाटणी झाली.

पहिले काही दिवस वेणी बालवाडीत पोचायच्या आत सुटायची. बाय ओरडायची, ते घामाघूम व्हायचे. पण त्यांनी तिला आत पाठवून दिलं नाही, सगळं यश त्यात आहे. मूल रडलं की आईकडे सोपवायचं, असं करत राहिलं की मुलगी एवढंच शिकते की पप्पा माझं रडणं पेलू शकत नाहीत. पुढे ते कामावरून येताना म्हार्दोळला थांबून जायांची फाती, म्हणजे जाईच्या फुलांची माळ, घ्यायला लागले. मी म्हटलं, वस्तू आणणं पुन्हा सुरू झालं का? ते हसले. “आणतो मी, पण माळतोही मीच. आणि ती आरशात बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघते, बरी दिसते का म्हणून.”

मिरामारला जाऊ नका असं मी म्हणत नाही. रोजची वेणी घालणाऱ्या बापाबरोबर मुलगी मिरामारलाही रमते. त्यांची बाय पुढे रमलीच.

‘मुलगी शेवटी दुसऱ्याच्या घरी जाणार, कशाला इतकं गुंतायचं’ हे वाक्य अजूनही कानावर येतं, तेही शिकलेल्या माणसांकडून. मला त्याची चीड येते. चार वर्षांच्या पोरीला पाहुणी ठरवून तिच्यापासून हात आखडता घेणं हा तिच्यावरचा अन्याय आहे, बापाचंही त्यात नुकसानच आहे.

बोटीवर काम करणाऱ्या बापांचा प्रश्न थोडा निराळा, आणि आपल्या गोव्यात असे बाप कितीतरी. सहा-आठ महिन्यांनी ते येतात आणि लेक आजीच्या मागे लपते. विमानतळावर तिला ओढून उचलून घेऊ नका. घरी आल्यावर तिच्या जवळ जमिनीवर बसा, तिला येऊ द्या. दोन-चार दिवस लागले तर लागू द्या. मग तिच्या दिवसातलं एक काम उचला, भरवण्याचं किंवा झोपवण्याचं, आणि सुट्टी संपेपर्यंत ते सोडू नका. परत जाताना ती झोपलेली बघून गुपचूप निघू नका. रडेल, रडू द्या. कधी येणार ते तिला सांगा, आणि चवथीला यायला जमणार नसेल तर चवथीचं नाव घेऊ नका.