समुद्रघोड्याच्या शेपटीवर फुगे

प्रश्न: दीडशे लिटरच्या टाकीत समुद्रघोड्यांची जोडी आहे. नराच्या शेपटीवर मुगाएवढे दोन फुगे आलेत आणि ते वाढताहेत. खातो नीट. पाणी मिरामारहून कॅनमधून आणतो, खायला मानशीवरची (खाजणाच्या बांधातल्या पाणदारावरची) बारीक जिवंत सुंगटं (कोळंबी) घालतो. फुगे सुईने फोडावेत का?
— एक वाचक, ताळगाव

उत्तर: सुई लावू नका. फोडलेल्या जागी जखम होते आणि तिच्यातून व्हिब्रिओ जिवाणू आत शिरतात. आधी बाजूने टॉर्च मारून पाहा. फुगा साबणाच्या फेसासारखा आरपार दिसला तर कातडीखाली वायू साचलाय. गढूळ किंवा लालसर दिसला तर जंतुसंसर्ग समजा.

वायूवर अ‍ॅसिटाझोलामाइड चालतं. हे माणसांचंच औषध आहे आणि चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तेव्हा पशुवैद्याला गाठा. नराला वेगळ्या उघड्या टाकीत ठेवा: तळाला वाळू नको, फिल्टरमध्ये कोळसा नको. हवेचा दगड आणि शेपूट गुंडाळायला प्लॅस्टिकची फांदी एवढं पुरे. सुमारे ४० लिटरला २५० मिलिग्रॅमची एक गोळी कुटून विरघळवा, खाली बसलेला चोथा टाकून द्या. दर २४ तासांनी सगळं पाणी बदलून पुन्हा तेवढंच औषध, असं ७ ते १० दिवस. नवं पाणी तापमान आणि क्षारता जुळवूनच घाला. या औषधाने भूक मंदावते, घाबरू नका.

पण औषध ही पुढची गोष्ट. टाकीचं तापमान किती, हे तुम्ही लिहिलेलंच नाही! उष्ण समुद्रातल्या समुद्रघोड्यांनाही टाकीत २० ते २३ अंश हवेत, कारण त्याच्या वर व्हिब्रिओ झपाट्याने वाढतो. गोव्यात मे महिन्यात घरातलं पाणी ३० च्या पुढे जातं. पंख्याने दोन अंश उतरले तरी नशीब, आपल्याकडच्या दमट हवेत पाण्याची वाफच होत नाही. बर्फाच्या बाटल्यांनी तापमान वरखाली होतं, ते आणखी वाईट. पाणी थंड करणारा चिलर घ्यावाच लागतो. तापमान दिवसाला एक-दोन अंशांनीच उतरवा. पंपाच्या शोषणाकडच्या जोडाला चीर पडली असेल तर हवा आत ओढली जाऊन दाबाने पाण्यात विरते, तोही जोड तपासा.

मिरामारचं पाणी बंद करा. मांडवीच्या मुखाशी पावसाळ्यात ते निम्म्याहून गोडं होतं. मत्स्यालयासाठीचं समुद्री मीठ (स्वयंपाकाचं नव्हे) घालून पाणी करा, लिटरला साधारण ३३ ग्रॅम, आणि घनता १.०२३ ते १.०२५ येते का ते मोजा. मानशीची सुंगटं म्हणजे रोगाला आमंत्रण. गोठवलेली मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) दिवसातून दोनदा द्या, उरलेली तासाभरात नळीने ओढून काढा.

एक विचारायलाच हवं: जोडीचे कागद आहेत ना? १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली २००१ पासून समुद्रघोड्यांना संरक्षण आहे. जाळ्यात सापडलेला विकत घेणं गुन्हा आहे. कागद नसतील तर वन खात्याला कळवा. आजारी प्राणी नदीत तर मुळीच सोडू नका.

प्रश्न: माझ्या समुद्रघोड्यांतल्या मादीच्या तोंडाची नळी टोकाला पांढरी झालीय, भक्ष्यावर झडप घालते पण चुकते. दुकानदार म्हणतो, गोड्या पाण्यात बुडवा.
— एक वाचक, फोंडा

उत्तर: गोड्या पाण्याची बुडी बाहेरच्या परजीवींसाठी, तीही फार तर १० मिनिटं. तुमचं लक्षण नळी कुजण्याचं आहे. आजच वेगळ्या टाकीत घ्या, पाणी टप्प्याटप्प्याने २० अंशांवर आणा. प्रतिजैविक पशुवैद्यानेच ठरवावं. मुख्य टाकीत ते ओतलंत तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतील आणि अमोनिया वाढेल. तांब्याची औषधं यांना सोसत नाहीत. समुद्रघोड्याला जठर नसतं, त्यामुळे उपाशी राहिला की लवकर खंगतो. तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर नळीने भरवावं लागेल. ते घरी करून पाहू नका.