डिस्नेचं डोपी चॅलेंज चॅरिटीसाठी धावायचं आहे, झेपेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहता, हाफ मॅरेथॉन धावून झाल्या आहेत, फुल अजून नाही, डिस्नेचं डोपी चॅलेंज (सलग चार दिवसांत चार शर्यती) एखाद्या संस्थेसाठी निधी गोळा करून करायचं आहे, ते झेपेल का, आणि लोकांकडे पैसे मागायचे कसे.

हाफची सवय असेल आणि हातात सात-आठ महिने असतील, तर पाय तयार होतात. माझ्या मते खरी परीक्षा झोपेची आणि पैशांची असते, आणि नेमकं याच दोन गोष्टींबद्दल कुणी विचारत नाही. मी फ्लोरिडात राहते, हे चॅलेंज केलेलं आहे, आणि आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या धावणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी दर वर्षी नव्याने याच्या नादी लागतं. त्यांना जे सांगते तेच तुम्हाला सांगते.

आधी इतर वाचणाऱ्यांसाठी पार्श्वभूमी. ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये १९९४ पासून जानेवारीत मॅरेथॉन होते. २००६ मध्ये त्यांनी शनिवारी हाफ (सुमारे २१ किलोमीटर) आणि रविवारी फुल (सुमारे ४२) असं गूफी चॅलेंज काढलं. तेवढ्याने लोकांचं भागेना, म्हणून २०१४ पासून डोपी: गुरुवारी ५ किलोमीटर, शुक्रवारी १०, शनिवारी हाफ, रविवारी फुल. एकूण ४८.६ मैल, म्हणजे सुमारे ७८ किलोमीटर. चार शर्यतींची चार पदकं, वर गूफीचं आणि डोपीचं, अशी सहा पदकं मिळतात. डोपी म्हणजे हिमगौरीच्या गोष्टीतल्या सात बुटक्यांमधला तो अजिबात न बोलणारा, थोडा वेंधळा. नाव विचार करूनच ठेवलेलं दिसतं.

आता झोप. चारही शर्यती पहाटे पाचला सुरू होतात. डिस्नेच्या हॉटेलांमधून बसेस अपरात्रीच सुटतात, म्हणजे तुमचा गजर अडीचचा. एक दिवस हे कुणीही करतं. सलग तीन दिवस केलं की शनिवारी दुपारी माणूस टेबलावर डोकं ठेवून झोपतो, आणि सर्वांत लांबची शर्यत तर अजून रविवारी असते. त्यात तुम्ही उतरलेले असता थीम पार्कमध्ये. मुलांना रात्रीची आतषबाजी बघायची असते, बायकोने महिनाभर आधी जेवणाची जागा धरून ठेवलेली असते, आणि दिवसभर पार्कात फिरलं की नकळत दहा-बारा किलोमीटर चालणं होतं. ते किलोमीटर सरावाच्या कुठल्याच तक्त्यात धरलेले नसतात. म्हणून घरच्यांशी आधीच स्पष्ट बोलून घ्या: गुरुवार ते शनिवार संध्याकाळी पाचला जेवण आणि सातला अंथरूण. पार्कं बघायची ती सोमवारी-मंगळवारी. तसंही पार्कचं तिकीट शर्यतीच्या फीमध्ये येत नाही, त्यामुळे उगाच वाया गेल्यासारखं वाटायचं कारण नाही.

राहण्याचाही विचार याच हिशोबाने करा. आपली मंडळी शेजारच्या किसिमी गावात स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतात, कारण तिथे वरण-भात शिजवता येतो आणि पैसेही वाचतात. पण शर्यतीच्या बसेस फक्त डिस्नेच्या हॉटेलांतून सुटतात. बाहेर राहिलात तर बंद रस्त्यांमधून स्वतः गाडी हाकायची, म्हणजे आणखी लवकर उठायचं. चौघे-पाच जण मिळून गेलात तर परवडतं. एकट्याने जात असाल तर आतलं स्वस्तातलं हॉटेल घ्या आणि घरून दहीभाताची सोय घेऊन जा.

पहाटे चारला एपकॉटच्या, म्हणजे डिस्नेच्या चार पार्कांपैकी एकाच्या, पार्किंगमध्ये काय दृश्य असतं, ते पाहिल्याशिवाय कळत नाही. डांबरावर हजारो लोक बसलेले, निम्म्यांच्या अंगावर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, डोक्यासाठी भोक पाडून घातलेल्या. कुणी मिनी माउसचा झगा घालून गुडघ्याला पट्टी बांधतंय, कुणी केळं खातंय, आणि समोर निवेदक भर दुपार असल्यासारखा ओरडतोय. तुकड्या-तुकड्यांनी सोडतात, आणि प्रत्येक तुकडीच्या वेळी फटाके. फ्लोरिडा म्हणजे उकाडा असं समजून येऊ नका. जानेवारीतल्या पहाटे कधी दात वाजतात, कधी पहिल्या मैलातच घामाघूम. फेकून देता येईल असा जुना स्वेटर आणाच.

वेगाची अट सोपी वाटते: मैलाला १६ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला साधारण दहा. भरभर चालणाऱ्यालाही जमेल. पण घड्याळ कुणासाठी थांबत नाही. वाटेत मिकी, डोनाल्ड, जुने खलनायक फोटोसाठी उभे असतात, त्यांच्यासमोर रांगा लागतात, शौचालयासमोर त्याहून लांब. सगळा वेळ तुमच्याच खात्यातून जातो. सगळ्यांच्या मागून कमरेला फुगे बांधलेल्या बायका बरोबर १६ मिनिटांच्या चालीने येत असतात. त्यांनी गाठलं आणि मागे टाकलं की मागे पडलेल्यांना उचलणाऱ्या बसमध्ये बसायची वेळ जवळ आली समजा. चारांपैकी एक जरी शर्यत अर्धवट राहिली तरी डोपीचं पदक गेलं. उलट, पुढच्या तुकडीत जागा मिळाली तर शेवटची तुकडी सुटेपर्यंतचा वेळ तुमच्या गाठीशी जमा होतो. त्यासाठी आधीच्या एखाद्या अधिकृत शर्यतीची चांगली वेळ पुरावा म्हणून द्यावी लागते. ती उन्हाळ्यातच करून ठेवा.

सरावाबद्दल थोडंच सांगते, कारण यावर वाट्टेल तेवढं साहित्य मिळतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांची थोडं पळा-थोडं चाला ही पद्धत इथे सर्रास वापरली जाते, आणि डिस्नेच्या शर्यतींसाठी त्यांचे वेगळे तक्तेही आहेत. मुख्य मुद्दा लागोपाठ दिवस धावण्याचा: थकलेल्या पायांनी उठून पुन्हा बूट बांधायची सवय. गुरुवार-शुक्रवार जोर लावू नका, ते दोन दिवस फोटोंचे. हाफ हळू. रविवारी जे काही उरलेलं असेल ते. रविवारचा मार्ग चारही पार्कांतून जातो, सिंड्रेलाच्या किल्ल्याच्या पोटातून पळायला मिळतं. काही वीर तर ॲनिमल किंगडममध्ये मध्येच थांबून एव्हरेस्टच्या रोलर कोस्टरमध्ये बसून येतात. मी बसले नाही. माझ्या पोटाची तेवढी तयारी नव्हती.

एक सावधगिरी: वाटेत स्वयंसेवक लाकडी काडीवर पांढरट चिकट काहीतरी पुढे करतात. ते व्हॅसलिन असतं, मांड्या-काखा घासल्या जातात त्यासाठी. खायची वस्तू समजून तोंडात घालणारे दर वर्षी भेटतात.

हवामानाचाही भरवसा नाही. २०१७ ची हाफ विजांच्या धोक्यामुळे रद्दच झाली. तेव्हा कित्येकांनी आपल्या हॉटेलच्या आवारात गोल गोल फेऱ्या मारून १३.१ मैल पुरे केले, आणि अनोळखी लोक पाणी घेऊन बाहेर आले. २०२४ ची हाफ कापून सात मैलांवर आणली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तुम्ही देणगीदारांना ‘मी ७८ किलोमीटर धावणार, म्हणून पैसे द्या’ असं सांगितलंत आणि पावसाने शर्यत कापली, तर त्या वाक्याचं काय करणार?

इथून पैशांकडे येऊ.

डोपीची साधी नोंदणी सहाशे डॉलरच्या पुढे जाते आणि झटकन संपते. चॅरिटीची जागा म्हणजे काय, तर काही संस्थांकडे डिस्नेने दिलेल्या जागा असतात. ठरावीक रक्कम गोळा करायचं कबूल केलंत की साधी नोंदणी संपल्यावरही तुम्हाला प्रवेश मिळतो. मुंबई मॅरेथॉनचे चॅरिटी बिब (संस्थेमार्फत मिळणारे धावपटूचे क्रमांक) माहीत असतील तर कल्पना तीच. अमेरिकेत ही पद्धत रुजली ती १९८८ मध्ये. ब्रूस क्लेलँड यांच्या लहान मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यांनी काही धावपटू गोळा करून न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या निमित्ताने ल्युकेमियाच्या संस्थेसाठी ३,२२,००० डॉलर जमवले, आणि त्यातून ‘टीम इन ट्रेनिंग’ हा त्या संस्थेचा धावून निधी जमवायचा उपक्रम उभा राहिला.

सही करण्याआधी करार शब्दन् शब्द वाचा. किमान रक्कम संस्थेगणिक वेगळी असते, पण डोपीसारख्या मागणीच्या शर्यतीसाठी ती हजारांत असते. ठरल्या तारखेपर्यंत जमली नाही तर उरलेली रक्कम बहुतेक संस्था तुमच्या कार्डावरून वळती करतात. पाय मुरगळला, नोकरी गेली, तरी कबूल केलेली रक्कम सहसा सुटत नाही. शर्यतीची नोंदणी दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा: कुणीच काही दिलं नाही तर ही सगळी रक्कम मी माझ्या खिशातून देईन का? उत्तर ‘नाही’ असेल तर साधी नोंदणी करा आणि निधी ऐच्छिक गोळा करा. त्यात कमीपणा काही नाही.

प्रवासाच्या खर्चाबद्दल मी कडक आहे. काही संस्था जास्त निधी जमवणाऱ्याला हॉटेल वगैरे देतात. ते घेऊ नये असं माझं मत. ज्या काकूंनी पन्नास डॉलर दिले त्यांनी ते मुलांच्या औषधासाठी दिले, तुमच्या डिस्नेच्या खोलीसाठी नव्हे. विमान, हॉटेल, बूट, सगळं आपल्या पैशांनी, आणि हे मागताना पहिल्याच ओळीत सांगायचं. ‘सहल स्वतःची आणि वर्गणी आमची’ ही कुजबुज आपल्या मंडळांत फार पटकन होते, आणि कधीकधी रास्तही असते.

संस्था कोणती निवडावी हे तुमचं तुम्ही ठरवा, पण मला पटणारी एक सांगते. डिस्नेपासून थोड्याच अंतरावर किसिमीला ‘गिव्ह किड्स द वर्ल्ड’ या संस्थेने आजारी मुलांसाठी वसवलेलं गाव आहे. हेन्री लँडवर्थ हे नाझी छळछावण्यांमधून वाचून अमेरिकेत आलेले, पुढे हॉटेल व्यवसायात मोठे झालेले गृहस्थ. एमी नावाच्या एका मुलीला रक्ताचा कर्करोग होता आणि तिला डिस्ने बघायचं होतं. सगळी जुळवाजुळव होईपर्यंत वेळ निघून गेली, ती मुलगी वारली. पुन्हा असं होऊ नये म्हणून त्यांनी १९८६ मध्ये ही संस्था काढली. गंभीर आजारी मुलं घरच्यांसह इथे आठवडाभर फुकट राहतात. सकाळच्या नाश्त्याला आइस्क्रीम मागितलं तरी मिळतं. येऊन गेलेल्या मुलांच्या नावांच्या चांदण्या एका इमारतीच्या छताला लावलेल्या आहेत. तुम्ही ज्या रस्त्यांवरून धावणार तिथेच ही मुलं येतात, त्यामुळे ‘डिस्नेतच का धावायचं?’ या प्रश्नाला सरळ उत्तर असतं. या संस्थेला डिस्नेच्या शर्यतींतून निधी मिळत आला आहे. त्या वर्षी जागा आहेत का ते विचारून घ्या.

गावाकडच्या शाळेसाठी किंवा रुग्णालयासाठी पैसे उभे करायचे मनात असेल तर मार्ग वेगळा. डिस्नेच्या यादीतल्या संस्थेमार्फत ते होणार नाही. साधी नोंदणी करा आणि अमेरिकेत नोंदलेल्या एखाद्या संस्थेमार्फत द्या, जसं महाराष्ट्र फाउंडेशन. भारतातल्या संस्थेकडे परदेशी देणगी घेण्याची एफसीआरए नोंदणी आहे का हे आधी तपासा. नसेल तर तुमचे डॉलर तिला घेताच येत नाहीत. आणि पुण्यातल्या मावशी अमेरिकन संस्थेला देणार असतील तर त्यांना भारतात करसवलत मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगा.

मागायचं कसं? व्हॉट्सॲपच्या दोनशे जणांच्या गटात लिंक टाकली की दहा अंगठे येतात आणि पैसे जवळजवळ कुणीच देत नाही. एकेकाला वेगळा निरोप लिहा, नाव घेऊन, तीन-चार ओळींचा. निधीसाठी उघडलेल्या ऑनलाइन पानावरची पहिली देणगी स्वतःची टाका, दुसरी भावाची किंवा जिवलग मित्राची. रिकाम्या पानावर पहिलं नाव लिहायला कुणालाच आवडत नाही. आकडाही सुचवा. ‘जमेल तेवढं’ म्हटलं की माणूस विचारात पडतो आणि राहून जातं. एकदा आठवण करून द्या, दुसऱ्यांदा नको.

तुमच्या पथ्यावर पडणारी गोष्ट म्हणजे दिवाळी. शर्यत जानेवारीत, मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम त्याआधी दोन-तीन महिने. आमच्याकडे चकली-शंकरपाळ्यांच्या पिशव्या करून टेबल लावतात, पिशवीवर संस्थेचं नाव आणि स्कॅन करायचा चौकोन. घरचे पदार्थ विकण्याचे तुमच्या राज्याचे नियम बघा आणि मंडळाची लेखी परवानगी घ्या. चकल्या आधी संपतात, त्या जास्त करा. पण फराळ घेणाऱ्याला पूर्ण रकमेची करसवलत मिळते असं सांगू नका. वस्तूच्या किमतीइतका भाग त्यातून वजा होतो.

सर्वांत मोठी रक्कम मात्र बऱ्याचदा कंपन्यांकडून येते. न्यू जर्सीत औषध, बँक, आयटी अशा मोठ्या कंपन्यांत आपली माणसं भरपूर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच स्वतःची भर घालतात. देणाऱ्याला पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, तो विसरतो, आणि काही ठिकाणी मुदत ३१ डिसेंबरला संपते. म्हणून प्रत्येकाला आभाराच्या निरोपातच संस्थेचा कर क्रमांक आणि ‘तुमच्या कंपनीचं मॅचिंग आहे का?’ हा प्रश्न पाठवा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यादी काढून ज्यांनी अर्ज भरला नाही त्यांना फोन करा, कारण शेवटच्या आठवड्यात सगळे सुट्टीवर असतात आणि तुम्ही सामान बांधत असता.